कोण कुठे उभा राहणार? अमेरिकन फुटबॉलच्या मॅनेजमेंट गेमबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

कबड्डी खेळणाऱ्याला संघाची मांडणी वेगळी शिकवावी लागत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या आश्रमशाळांच्या मैदानांवर डावा कोपरा कोणाचा, कव्हरला कोण, पहिली चढाई कोणाची, हे सामन्याआधीच ठरलेलं असतं. समोर सहा किंवा जास्त गडी असतील तरच बोनस, तीन किंवा कमी उरले की सुपर टॅकलची संधी. गडी बाद झाले की उभं राहणं बदलतं, हे पोरांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पण मोबाइलवर अमेरिकन फुटबॉलचा मॅनेजमेंट गेम उघडला की समोर क्यूबी, ओएल, टीई, एलबी अशा अक्षरांची रांग उभी राहते आणि भलेभले गोंधळतात. या खेळात स्वतः पळायचं नसतं; खेळाडू घ्यायचे, जागा ठरवायच्या, डाव आखायचा आणि निकाल बघायचा. चुका होतात त्या बहुतेक जागा ठरवतानाच. त्यामागचे नेहमीचे गैरसमज असे.

गैरसमज : फुटबॉलच तो! 4-4-2 लावलं की झालं.

वस्तुस्थिती : 4-4-2 आपल्या ओळखीच्या फुटबॉलमधलं. अमेरिकन फुटबॉलमध्येही मैदानावर एका बाजूचे 11 जण असतात, पण आक्रमणाचे 11 वेगळे आणि बचावाचे 11 वेगळे. लाथेने चेंडू मारायची वेळ आली की तिसरीच फळी उतरते. म्हणून अमेरिकेतल्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये एका संघाची यादी 53 जणांची असते.

आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरपेक्षा थोडं जास्त, पुढे जायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाआधी खेळ थांबतो आणि प्रत्येक वेळी नवी मांडणी करता येते. त्यामुळे गेममध्ये एकच रचना ठरवून मोकळं होता येत नाही. प्रत्येक जागेवर पहिला कोण, तो दमला किंवा जखमी झाला तर दुसरा कोण, अशी उतरंड लावावी लागते. तिला ‘डेप्थ चार्ट’ म्हणतात. नवखे खेळाडू पहिलं नाव भरतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत. मग हंगामाच्या मध्यावर संघ का ढेपाळला, ते कळत नाही.

गैरसमज : चांगला खेळाडू कुठेही उभा केला तरी चालतो.

वस्तुस्थिती : नियमच आडवा येतो. आक्रमणाच्या 11 पैकी किमान सात जण पुढच्या ओळीवर हवेत. पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचा हक्क साधारणपणे ओळीच्या दोन टोकांच्या आणि ओळीमागच्या खेळाडूंनाच असतो. मधल्या पाच जणांचं काम समोरच्याला अडवण्याचं. त्यांच्या पाठीवर 50 ते 79 मधले आकडे असतात. त्यांच्यापैकी कोणाला चेंडू झेलायचा असेल, तर आधी पंचांकडे जाऊन तसं सांगावं लागतं.

एवढ्याशा औपचारिकतेवर सामना जाऊ शकतो. 30 डिसेंबर 2023 रोजी डॅलस काउबॉइजविरुद्ध डेट्रॉइट लायन्सने शेवटच्या 23 सेकंदांत दोन जादा गुणांसाठी डाव टाकला. 68 नंबरचा अडवणारा खेळाडू टेलर डेकर हळूच सुटला आणि त्याने चेंडू झेललाही. डेट्रॉइटच्या बाकावर जल्लोष सुरू झाला, तेवढ्यात पंचांचा पिवळा रुमाल पडला. पंचांच्या मते त्यांच्याकडे नोंद करून गेला होता तो 70 नंबरचा डॅन स्किपर, डेकर नव्हे. गुण रद्द झाले आणि डेट्रॉइट 20-19 असा हरला. वाद पुढे बरेच दिवस चालला, निकाल मात्र तोच राहिला.

मॅनेजमेंट गेममध्ये हाच धडा आकड्यांतून मिळतो. ‘फुटबॉल जीएम’सारख्या ब्राउझरवरच्या गेममध्ये एकाच खेळाडूला वेगवेगळ्या जागांसाठी वेगवेगळे गुण असतात. चेंडू झेलणारा वेगवान रिसीव्हर अडवण्याच्या ओळीत टाकला की त्याचं मूल्य धाडकन खाली येतं.

गैरसमज : रचनेच्या नावातला आकडा म्हणजे उभ्या माणसांची संख्या.

वस्तुस्थिती : कधी हो, कधी नाही. बचावात 4-3 म्हणजे पुढे चार लाइनमन आणि त्यांच्यामागे तीन लाइनबॅकर. 3-4 मध्ये याच्या उलट. इथवर हिशेब सरळ आहे. आक्रमणात मात्र ‘11’ गट म्हणजे अकरा माणसं नव्हेत. पहिला आकडा चेंडू घेऊन पळणाऱ्या रनिंग बॅकचा, दुसरा अडवणं आणि झेलणं दोन्ही करणाऱ्या टाइट एंडचा : एक रनिंग बॅक, एक टाइट एंड, म्हणजे उरलेले तीन रिसीव्हर. ‘12’ म्हटलं की टाइट एंड दोन आणि रिसीव्हरही दोन.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘46’. शिकागो बेअर्सचे बचाव प्रशिक्षक बडी रायन यांच्या या रचनेला डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीवरचा आकडा मिळाला. चार आणि सहा अशी विभागणी त्यात नाही. याच बचावाच्या जोरावर शिकागोने जानेवारी 1986 मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सना 46-10 असं लोळवून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला. गुणांमध्येही 46 यावेत, हा निव्वळ योगायोग.

आणखी एक गोष्ट. तीन रिसीव्हर घेऊन खेळणं आता सर्रास झालं आहे, त्यामुळे कागदावर 4-3 असलेले संघही बहुतेक वेळा मागे चारऐवजी पाच बचावपटू ठेवतात. गेममध्ये या पाचव्या बचावपटूला ‘राखीव’ समजून स्वस्तातला घेणाऱ्याला ते महागात पडतं.

गैरसमज : हा खेळ लहानपणापासून खेळलेलाच खेळाडू कामाचा.

वस्तुस्थिती : जॉर्डन मेलाटाचं उदाहरण बघावं. सिडनीचा हा तरुण रग्बी लीग खेळायचा. 2018 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला शेवटच्या, म्हणजे सातव्या फेरीत निवडलं, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. उंची सहा फूट आठ इंच, वजन दीडशे किलोच्या वर. त्याला डाव्या टॅकलची जागा दिली. उजव्या हाताने चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ ज्या बाजूला असते, ती राखण्याची ही जागा. फेब्रुवारी 2025 मध्ये ईगल्सने सुपर बोल जिंकला तेव्हा तिथे मेलाटाच उभा होता. क्वार्टरबॅक डावखुरा असेल तर हीच जबाबदारी उजव्या टॅकलवर येते. गेममध्ये असा पर्याय असेल तर तो बघूनच पैसे मोजावेत.

महाराष्ट्राच्या संघांतही याची छोटी आवृत्ती होऊन गेली. ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’चा पहिला हंगाम 2012 मध्ये झाला. त्यात पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स असे दोन संघ होते आणि विजेतेपद पुण्याकडे गेलं. शाळेपासून हा खेळ खेळलेले भारतीय मिळणं शक्यच नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या खेळांत तयार झालेल्या मुलांना अंगकाठी आणि चपळाई बघून जागा द्याव्या लागल्या.

गैरसमज : सगळा पैसा क्वार्टरबॅकवर ओतावा.

वस्तुस्थिती : क्वार्टरबॅक सर्वांत महत्त्वाचा, यात शंका नाही. पण एनएफएलमध्ये 1994 पासून संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आहे आणि बहुतेक मॅनेजमेंट गेमही ती पाळतात. एकावर उधळलेला पैसा दुसऱ्या कोणाच्या तरी खिशातून जातो.

फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीकडे पॅट्रिक माहोम्ससारखा क्वार्टरबॅक होता. मात्र त्याचे नेहमीचे दोन्ही टॅकल, एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, जखमी होते. टँपा बेच्या बचावाने त्याच्यावर 29 वेळा दबाव आणला. सुपर बोलमध्ये एवढा दबाव आधी कोणावरच आला नव्हता. एकदा तर तो जमिनीला समांतर, हवेत आडवा असताना चेंडू फेकून मोकळा झाला. चेंडू गेलाही बरोबर साथीदारापर्यंत, पण त्याच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटून खाली पडला. कॅन्सस सिटी 31-9 ने हरलं.

गैरसमज : लाथ मारणारा काय, कोणीही चालेल.

वस्तुस्थिती : एनएफएलच्या इतिहासात सर्वाधिक गुण एका किकरच्याच नावावर आहेत : अॅडम विनाटिएरी, 2673.

गैरसमज : एकदा हुकमी रचना सापडली की हंगाम आपला.

वस्तुस्थिती : सप्टेंबर 2008 मध्ये मायामी डॉल्फिन्सने बलाढ्य न्यू इंग्लंडसमोर ‘वाइल्डकॅट’ काढली. चेंडू क्वार्टरबॅककडे न जाता थेट रनिंग बॅक रॉनी ब्राउनच्या हातात. क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन रिसीव्हर असल्यासारखा पार कडेला. ब्राउनने चार टचडाऊन पळत गोलरेषा पार करून केले, पाचव्यासाठी स्वतः चेंडू फेकला आणि मायामीने सामना 38-13 ने मारला. दोन महिन्यांनी तेच संघ पुन्हा भेटले. आता न्यू इंग्लंड तयारीत होतं आणि त्यांनी 48-28 ने परतफेड केली. ऑनलाइन स्पर्धेत तर समोरच्या मॅनेजरला आपले जुने सामने बघता आले, की त्याच डावाला तो दुसऱ्यांदा फसत नाही.

गैरसमज : नव्या कायद्याने हे सगळे गेम बंद झाले.

वस्तुस्थिती : ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंदी घातली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. त्यामुळेच मुंबईच्या ‘ड्रीम इलेव्हन’ला पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. बक्षिसाच्या आशेने पैसे न लावता केवळ करमणुकीसाठी संघ चालवणं यात येत नाही. ‘फुटबॉल जीएम’ फुकट आहे आणि एकदा ब्राउझरमध्ये उघडला की नेट नसतानाही चालतो, त्यामुळे मोलगीच्या पुढे डोंगरात रेंज गेली तरी हंगाम थांबत नाही. 2020 मध्ये आलेला ‘रेट्रो बोल’ त्याहून सुटसुटीत : संघ मोजक्या दहा-बारा जणांचा, आपण फक्त आक्रमण खेळायचं, बचाव गेमच उरकतो.

खरा सामना बघून जागा ओळखायच्या असतील तर एनएफएलचा हंगाम सप्टेंबर ते फेब्रुवारी असतो. रविवारचे पहिले सामने आपल्याकडे सहसा रात्री साडेदहाला सुरू होतात. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की साडेअकराला.