गाणं वाजतंय, पण गायकच गायब?

इअरफोनमधून तबला-पेटी नीट ऐकू येते, गायकाचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा? लगेच नवे घेऊ नका! आधी फोनचं जाड कव्हर काढून पिन पूर्ण आत बसवा. अर्धवट बसली तरी हेच होतं.

तरीही फरक नाही? मग पिन बघा. ३.५ मिमीच्या पिनवर तीन पट्टे म्हणजे चार जोड: डावा, उजवा, ग्राउंड, माइक. आजच्या बहुतेक फोनमध्ये सीटीआयए पद्धत असते. जुन्या ओएमटीपीमध्ये ग्राउंड आणि माइकच्या जागा उलट. दोन्हींची गाठ पडली की ग्राउंड नीट जुळत नाही आणि दोन्ही कानांत सारखा येणारा आवाज, म्हणजे नेमका गायकाचा, खोडला जातो. माइकचं बटण दाबून धरा. आवाज परतला तर निदान पक्कं! यासाठी छोटा कन्व्हर्टर मिळतो.

फोनला ३.५ मिमीचा जॅकच नाही म्हणून टाइप-सी अडॅप्टर घेणार असाल तर डॅक (डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करणारी चिप) असलेलाच घ्या. साधा अडॅप्टर फोनच्या पोर्टमधून अ‍ॅनालॉग आवाज येत असेल तरच चालतो, आणि अनेक फोनमध्ये तो येत नाही. काही फोनमध्ये सेटिंगमधून ओटीजीही चालू करावं लागतं.