द्विभार्याप्रतिबंध आणि दुसरी बायको

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत दोन बाया एकदमच आल्या. दोघींच्या पिशवीत फोटो एकाच माणसाचा. माणूस शिरोलीकडे फौंड्रीत मोल्डर होता, महिन्यापूर्वी तापाने गेला. त्याचा प्रॉव्हिडंट फंड कोणाचा, हे विचारायला त्या आल्या होत्या. थोरलीपाशी लग्नपत्रिका होती. धाकटीपाशी चौदा वर्षांचा संसार, दोन पोरे, आणि फंडाच्या अर्जावर नवऱ्याने स्वतः लिहिलेले तिचे नाव. आम्ही वकील नव्हे. शाळाही सातवीपर्यंतच झाली. पण त्या दिवसापासून हा कायदा आम्ही मुळापासून वाचून काढला. आज श्रोत्यांपुढे ठेवतो आहोत ते तेच.

1860 च्या दंडसंहितेत द्विविवाहाचे 494 वे कलम होते. ते लागे कोणास? ज्याचे दुसरे लग्न त्याच्या विवाहनियमांप्रमाणे रद्द ठरते त्यालाच. हिंदू पुरुषास दुसरी, तिसरी करण्याची मुभाच असल्याने त्याच्या अंगाला ते कधी शिवले नाही. काडीमोड न होता दुसरे घर करणारी बाई मात्र त्यात सापडे. मुंबई प्रांताने 1946 साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा करून ही तफावत मोडली. दुसरे लग्न रद्द, करणारा गुन्हेगार, लावून देणाराही गुन्हेगार. आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे बायकोने फिर्याद द्यावी म्हणून पोलिसांना थांबावे लागत नसे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते. 1 मार्च 1949 रोजी ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्या राज्याचे कायदे इकडे आले.

या कायद्याला आव्हान मिळाले ते नरसू आप्पा माळी खटल्यात. पुत्रावाचून मोक्ष नाही, तेव्हा पुत्रासाठी दुसरी बायको हा धर्मच, असे सांगण्यात आले. न्यायमूर्ती छगला आणि आपल्या साताऱ्याचे गजेंद्रगडकर यांनी 1951 साली कायदा उचलून धरला. पुत्र हवा तर दत्तक घेता येतो. श्रद्धेला संरक्षण आहे, पण तिच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक आचाराला नाही, असा त्यांचा रोख होता.

हाच भेद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1879 साली केला होता. तेथे युटा प्रांतात मॉर्मन पंथाचे लोक बहुपत्नीत्व ही ईश्वराची आज्ञा मानीत. 1862 च्या कायद्याने ते गुन्हा ठरले, पण खटले उभे राहीनात. लग्ने गुपचूप होत, साक्षीला कोण येणार? म्हणून 1882 साली सरकारने लग्न सिद्ध करण्याचा नाद सोडला आणि एकाहून अधिक स्त्रियांशी संसार करणे हाच गुन्हा केला. मग तुरुंग भरले. काही कुटुंबे मेक्सिकोत, काही कॅनडात गेली. 1887 साली पंथाची मालमत्ता जप्त करण्याचा कायदा झाला आणि युटातल्या बायकांना 1870 पासून असलेला मतदानाचा हक्कही त्याच कायद्याने काढून घेतला. नवऱ्यांच्या गुन्ह्यापायी बायकांचे मत गेले! 1890 साली पंथाच्या अध्यक्षांनी बहुपत्नीत्व सोडल्याचे जाहीर केले.

अमेरिकेत लग्नाचा पुरावा मागणे बंद झाले. आपल्याकडे नेमके उलट घडले. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने द्विभार्याबंदी देशभर नेली, मुंबईचा कायदा रद्द केला, आणि शिक्षेसाठी जुने 494 वे कलमच पुढे केले. त्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत, पण फिर्याद बायकोची किंवा तिच्या माहेरच्यांची. ज्याच्या हातचे खायचे त्याच्यावर फिर्याद कोण करील? पुढे 1965 साली सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातलाच खटला आला. दुसरे लग्न गांधर्व पद्धतीने झालेले: हार घातले, कपाळाला कपाळ टेकविले. न्यायालय म्हणाले, होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांच्यावाचून लग्न लागते अशी रूढीही सिद्ध केलेली नाही. मग दुसरे लग्न झालेच कोठे? नवरा सुटला. भटजीला न बोलावण्याचा असाही फायदा असतो, हे पुष्कळांनी तेव्हापासून ओळखले आहे. 2024 च्या जुलैपासून हे कलम भारतीय न्याय संहितेत 82 वे झाले. सप्तपदीचा पेच तसाच आहे.

नवरा सुटतो, पण धाकटी सुटत नाही. तिचे लग्न रद्दच. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा बाईस पोटगीही नाकारली. पहिले लग्न लपवून फसविले असेल तर नवऱ्याला हात झटकता येणार नाहीत, एवढी सवलत 2013 साली मिळाली. पोरांचे जरा बरे झाले. 1976 च्या दुरुस्तीने ती औरस ठरली, आणि बापाच्या वाट्याला आलेल्या वडिलोपार्जित मिळकतीतही त्यांना हिस्सा आहे, हे 2023 साली ठरले.

त्या दोघींना आम्ही हे जमेल तसे सांगितले. अर्जावर धाकटीचे नाव असले तरी फंडाच्या नियमात ती 'कुटुंब' ठरत नाही, पोरे ठरतात. थोरली बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “पोरांचा अर्ज कुनी लिवायचा?” आम्ही कागद पुढे ओढला. पोरांच्या जन्माचे दाखले धाकटीच्या घरी होते; ते आणायला दोघी एकाच रिक्षाने गेल्या.