लोझेर : आसऱ्याचा मुलूख

दक्षिण फ्रान्समधल्या लोझेर पर्वताच्या उतारावर काही वाड्यांमध्ये दगडी बांधणीचा एक लहानसा मनोरा दिसतो. वर कमान आणि कमानीत टांगलेली एकच घंटा. हिवाळ्यात या माथ्यावर वारा आणि बर्फ एकत्र सुटले, की चार पावलांपुढचं दिसेनासं होतं. या हिमवादळाला तिथले लोक 'तूरमाँत' म्हणतात. अशा वेळी वाडीतलं कोणीतरी दोर धरून घंटा वाजवत राहायचं, म्हणजे वाट चुकलेला माणूस आवाजाच्या रोखाने चालत घरापर्यंत पोहोचेल. ऊल्ते, सेर्व्हिएस अशा वाड्यांमधले हे मनोरे आता संरक्षित वास्तू आहेत. लोझेर जिल्ह्याची ओळख या घंटांपासून करून घ्यायला हवी, कारण बाहेर त्याची ख्याती वेगळीच आहे. १७६४ ते १७६७ या काळात याच मुलखात एका हिंस्र श्वापदाने शंभरच्या आसपास माणसं मारली आणि पंधराव्या लुईला व्हर्सायहून शिकारी पाठवावे लागले. तेव्हापासून रानटी, ओसाड, मागे पडलेला प्रदेश हा शिक्का बसला तो बसलाच. इतिहास मात्र वेगळं सांगतो. लोझेरने पिढ्यान् पिढ्या परागंदा माणसांना आसरा दिला, आणि तो आसरा डोंगरांनी आपोआप दिलेला नव्हता. तो माणसांनी ठरवून दिलेला होता.

हा जिल्हा, फ्रेंच भाषेत 'देपार्तमाँ', १७९० मध्ये राज्यक्रांतीने आखला. त्याचा बहुतेक भाग म्हणजे जुना जेव्होदाँ प्रांत. क्षेत्रफळ ५,१६७ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या जेमतेम ७६-७७ हजार, म्हणजे चौरस किलोमीटरला १५ माणसं. मुख्य फ्रान्समध्ये इतक्या कमी लोकांचा दुसरा जिल्हा नाही. माँद हे मुख्य ठिकाणही बारा हजारांच्या घरातलं. जमिनीचे मात्र इथे चार प्रकार एकमेकांना भिडलेले आहेत. उत्तरेला मार्जरीदचा ग्रॅनाइट, पश्चिमेला ओब्राकची काळ्या बेसॉल्टवरची कुरणं, मध्ये कोस नावाची चुनखडीची कोरडी पठारं आणि आग्नेयेला सेव्हेनचे पाटीच्या दगडाचे उभे डोंगर. सर्वांत उंच शिखर फिनिएल, १,६९९ मीटर. बाहेरून एकही नदी या जिल्ह्यात येत नाही, सगळ्या इथून बाहेर जातात. तार्न आणि लॉत अटलांटिकच्या दिशेने, आलिए ल्वार नदीकडे, तर गार्दाँचं पाणी ऱ्होन नदीतून भूमध्य समुद्राला मिळतं. पाण्याप्रमाणे माणसंही इथून बाहेरच गेली, असं म्हणण्याचा मोह होतो. पण इथे येऊन राहिलेल्यांची कथा त्याहून मोठी आहे.

त्या कथेची मुळं छळात आहेत. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य रद्द केलं. सेव्हेनमधल्या शेतकऱ्यांनी धर्म सोडला नाही. रानात, गुहांत, रात्रीच्या अंधारात त्यांच्या प्रार्थनासभा चालू राहिल्या. २४ जुलै १७०२ रोजी पाँ-द-माँव्हेर या गावात आबे द्यु शायला या धर्माधिकाऱ्याच्या घरात कोंडलेल्या कैद्यांना प्रोटेस्टंटांच्या एका जमावाने सोडवलं आणि त्याला ठार केलं. तिथून 'कामिझार' म्हणवल्या जाणाऱ्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांचं बंड पेटलं. ते मोडण्यासाठी राजाच्या फौजांनी पुढच्याच वर्षी शेकडो वाड्या जाळल्या. त्या दडपशाहीची खूण आजही शेताच्या बांधांवर दिसते. कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारल्यामुळे प्रोटेस्टंट कुटुंबांनी आपली माणसं घरामागच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतात पुरली आणि जवळ सुरूचं झाड लावलं. तिथे शेत नांगरणारा माणूस आपल्या पणजोबांच्या उशाशीच नांगरत असतो. दुसऱ्या महायुद्धात ज्यू कुटुंबं जीव वाचवायला या डोंगरांत आली, तेव्हा छळ म्हणजे काय हे इथल्या लोकांना कोणी शिकवावं लागलं नाही. शेतघरांची दारं उघडली गेली.

याच काळात उत्तरेकडच्या सँ-आल्बाँ गावी जे घडलं, ते माझ्या मते लोझेरच्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं पान आहे. तिथल्या जुन्या गढीत १८२१ पासून मनोरुग्णालय होतं. जानेवारी १९४० मध्ये फ्रान्सेस्क तोस्केयस हा कॅटलान मनोविकारतज्ज्ञ तिथे आला. तो फ्रँकोच्या स्पेनमधून पळालेला आणि फ्रान्समधल्या निर्वासितांच्या छावणीतून सुटलेला. त्याची पदवी मान्य नसल्याने सुरुवातीला कनिष्ठ जागेवर काम करावं लागलं. युद्धकाळात फ्रान्सच्या मनोरुग्णालयांमध्ये चाळीस हजारांहून अधिक रुग्ण उपासमारीने मेले. सँ-आल्बाँने हा संहार टाळला. रुग्ण आसपासच्या शेतांवर राबत, बदल्यात धान्य-बटाटे आणत, रानातली खाण्याजोगी अळंबी ओळखायला शिकत. १९४३-४४ च्या हिवाळ्यात भूमिगत झालेला कवी पॉल एल्युआर याच रुग्णालयात लपला होता. रुग्ण, परिचारक, निर्वासित आणि प्रतिकार चळवळीतली माणसं एका छपराखाली राहिली, आणि त्यातून आजारी माणसाआधी रुग्णालयालाच बरं करायला हवं, हा विचार आकाराला आला. रुग्णांचा स्वतःचा क्लब आणि स्वतःचं वृत्तपत्र निघालं. १९५२-५३ मध्ये मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन इथे शिकला आणि पुढे हा अनुभव घेऊन अल्जीरियाला गेला.

यावर एक सडेतोड आक्षेप घेता येतो. माँदजवळच रिएक्रो इथे १९३९ च्या आरंभी 'अनिष्ट परदेशी' लोकांसाठी फ्रान्सची पहिली छावणी उघडली. काही महिन्यांत ती स्त्रियांची छावणी झाली. स्पॅनिश प्रजासत्ताकवादी, जर्मन नाझीविरोधक, पोलिश अशा बायका मुलांसह तिथे कोंडल्या होत्या. त्या मुलांमधलाच एक अलेक्झांडर ग्रोथेनडीक, विसाव्या शतकातला थोर गणिती. छावणीतून तो माँदच्या शाळेत जात असे. दुर्गमपणा आसऱ्याला उपयोगी पडतो तसा तुरुंगालाही पडतो, हे रिएक्रोने दाखवून दिलं आणि ते मान्य करायलाच हवं. पण यातून माझं म्हणणं खोटं ठरत नाही, उलट पक्कं होतं. एकाच जिल्ह्यात, त्याच युद्धाच्या वर्षांत, तोच डोंगर आणि तीच थंडी असताना एकीकडे छावणी चालली आणि दुसरीकडे सँ-आल्बाँ. फरक जागेचा नव्हता, निर्णयाचा होता.

दुसरा आक्षेप असा, की ज्याला स्वतःची माणसं टिकवता आली नाहीत त्या मुलखाने आसऱ्याच्या गोष्टी काय सांगाव्यात? १८५१ मध्ये इथे जवळपास १,४५,००० लोक होते, १९९० मध्ये ७३ हजारही उरले नाहीत. कारणं लपलेली नाहीत. सेव्हेनचं पोट चेस्टनटवर चालायचं. 'भाकरीचं झाड' म्हणत त्याला. फळं 'क्लेद' नावाच्या छोट्या दगडी खोपटात मंद धुरावर आठवडे-आठवडे वाळवून वर्षभर पुरवायची. त्या झाडांवर रोग पडला. त्याच शतकात रेशीमकिड्यांच्या साथीने रोख पैशाचा आधारही गेला. खाणी, रेल्वे आणि शहरं यांनी तरुण ओढून नेले. ही हानी खरी आहे आणि कोणत्याही कौतुकाने ती भरून येणारी नाही. मात्र घसरण १९९० नंतर थांबली, आणि ती थांबण्यामागे एक कारण तोच जुना आसरा आहे. १९५० च्या दशकात आबे ओझिओल यांनी मार्व्हजोलजवळ मतिमंद मुलांसाठी 'क्लो द्यु नी' ही संस्था सुरू केली. तिच्यापाठोपाठ अशा संस्थांचं जाळं उभं राहिलं, देशभरातून मुलं आली, आणि रिकाम्या होत चाललेल्या गावांमध्ये काळजीवाहकांच्या नोकऱ्या आल्या. शहरांनी नकोशी माणसं डोंगरात लोटली, असं म्हणणारे आहेत, आणि घरापासून शेकडो किलोमीटर दूर वाढलेल्या मुलाच्या बाबतीत ते चूकही नाही. पण ती मुलं इथे लपवून ठेवली गेली नाहीत. गावाची शाळा, दुकान आणि दवाखाना त्यांच्यामुळेही चालू राहिला.

इतक्या थोड्या लोकांसाठी प्रीफेक्ट, जिल्हा परिषद आणि कचेऱ्या कशाला, असा प्रश्न पॅरिसमध्ये अधूनमधून निघतो. २००९ मध्ये घटना परिषदेने प्रत्येक जिल्ह्याला किमान दोन खासदार ही तरतूद रद्द केली आणि २०१२ पासून लोझेरचा राष्ट्रीय सभेत एकच प्रतिनिधी आहे. मतांच्या समानतेचा विचार करता तो निकाल योग्यच होता. जिल्हा परिषदेची गोष्ट निराळी. वृद्ध, अपंग आणि निराधार मुलांची जबाबदारी फ्रान्समध्ये कायद्याने जिल्हा परिषदेकडे असते, आणि लोझेरमध्ये हे काम सार्वजनिक जीवनाच्या मध्यभागी आहे. तिच्यावर डोक्यांच्या हिशेबाने कुऱ्हाड चालवणं चूक ठरेल.

तार्नच्या घळी, १९७० चं सेव्हेन राष्ट्रीय उद्यान, २०११ मध्ये जागतिक वारसा ठरलेली मेंढपाळांची पठारं पाहायला प्रवासी येतात, त्यांनी यावंच. त्यांनी एक दिवस सँ-आल्बाँसाठीही ठेवावा. ल प्वीहून सांतियागोकडे जाणारी यात्रेकरूंची पायवाट याच गावातून जाते.