नागपूरचा कूलर : कोरड्या हवेची किमया

मार्च महिना अर्धा सरला की नागपूरच्या घराघरांत एक ठरलेली लगबग सुरू होते. पावसाळ्यापासून गच्चीच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेली जस्ती पत्र्याची पेटी खाली उतरविली जाते. तिची टाकी घासली जाते, पंख्याला तेलपाणी होते, जुन्या ताट्या काढून नव्या बसविल्या जातात आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी घडवंचीवर कूलर विराजमान होतो. मे महिन्यात जेथे सरासरी कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर असते आणि जेथे मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला होता, तेथे या पेटीला चैनीची वस्तू म्हणणे धारिष्ट्याचे ठरेल. नवतपाच्या दिवसांत लहान मुले, वृद्ध आणि आजारी माणसे यांचा तो मोठाच आधार असतो.

परंतु वर्षानुवर्षे वापरात असलेल्या या यंत्राचे शास्त्र मात्र फारसे कोणी जाणून घेत नाही. त्यामुळे त्याचा पुरता लाभ मिळत नाही आणि कधी कधी तेच यंत्र जिवावरही बेतते.

वाळ्याच्या ताटीपासून कूलरपर्यंत

कूलरचे यंत्र नवे असले तरी त्यामागची कल्पना जुनी आहे. वाळ्याच्या मुळांच्या ताट्या दारे-खिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची पद्धत उत्तर हिंदुस्थानात मोगल काळापासून रूढ आहे. ‘ऐन-ए-अकबरी’तही वाळ्याच्या अशा निवाऱ्यांचा उल्लेख आढळतो. या पद्धतीत एकच उणीव होती. वारा पडला की ताटी निरुपयोगी ठरे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत त्यावर तोड निघाली. एका मोठ्या पेटीला ओल्या ताट्या लावीत, आत हाताने फिरविण्याचा पंखा बसवीत आणि ती खिडकीत ठेवीत. ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव धारण करणारी ही पेटी म्हणजे आजच्या कूलरची आजीच होय. पुढे हाताची जागा विजेच्या मोटारीने घेतली, पाणी शिंपडणाऱ्या गड्याचे काम छोट्या पंपाकडे आले आणि महाग वाळ्याच्या जोडीला लाकडाच्या बारीक सालपटांच्या स्वस्त ताट्या आल्या. अमेरिकेतील ॲरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशातही १९३० नंतरच्या दशकात अशाच पेट्या घरोघरी दिसू लागल्या. हवामान सारखे, म्हणून उपायही सारखा!

हवा निवते कशी?

माठातील पाणी ज्या नियमाने गार होते, त्याच नियमाने कूलरची हवा गार होते. पाण्याची वाफ होण्यासाठी उष्णता लागते. एक लिटर पाणी हवेत विरून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. यालाच अप्रकट उष्मा म्हणतात. ओल्या ताटीतून जाणारी उष्ण, कोरडी हवा ही उष्णता स्वतःजवळून देते आणि त्यामुळे तिचे तापमान उतरते.

ते किती उतरेल, हे हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. वेधशाळेत दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले असतात. एक उघडा, तर दुसऱ्याच्या फुग्याला ओले कापड गुंडाळलेले. बाहेर ४४ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक सुमारे २५ अंश दाखवितो. कूलरची हवा या मर्यादेखाली जाऊ शकत नाही, परंतु चांगल्या, पुरत्या भिजलेल्या ताट्या तिला त्या वाटेवर ८० टक्क्यांपर्यंत अंतर कापावयास लावतात. म्हणजे ४४ अंशांची हवा खोलीत सुमारे २९ अंशांची होऊन येते.

आता मुंबईचे उदाहरण घ्यावे. तेथे मे महिन्यात तापमान ३४ अंशांच्या आसपास असले, तरी हवा दमट असते. ती आणखी पाणी स्वीकारीत नाही. कूलरने पारा थोडासा उतरतो, परंतु घाम वाळत नाही आणि जीव अधिकच घुसमटतो. नागपूरकरांनाही हा अनुभव दरवर्षी येतो. मृगाच्या सरी बरसल्या की कालपर्यंत गार वारा देणारा कूलर एकाएकी ‘चिकट’ हवा फेकू लागतो. यंत्र बिघडलेले नसते, ऋतू बदललेला असतो.

खिडकी उघडी का ठेवावी?

कूलर सुरू करून दारे-खिडक्या घट्ट लावून घेणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय. वातानुकूलन यंत्र खोलीतीलच हवा पुन्हा पुन्हा थंड करते, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलरचे याच्या अगदी उलट असते. त्याने आणलेली ओलसर हवा बाहेर गेली नाही, तर खोलीत दमटपणा साचतो आणि गारवा नाहीसा होतो. म्हणून कूलरची पाठ बाहेरच्या मोकळ्या हवेकडे असावी आणि समोरच्या बाजूची खिडकी किंवा झरोका उघडा असावा.

विजेची बचत, पाण्याची किंमत

घरगुती मोठ्या कूलरला साधारणतः २०० वॅट वीज पुरते. दीड टनाच्या वातानुकूलन यंत्राला सुमारे दीड किलोवॅट लागते. दहा तासांचा हिशेब केल्यास एकीकडे दोन युनिट, तर दुसरीकडे यंत्र सतत चालल्यास पंधरा युनिट होतात. सामान्य कुटुंबाला कूलर परवडतो तो यामुळेच.

मात्र ही बचत फुकटची नाही. ताशी तीन हजार घनमीटर हवा खेचून ती १५ अंशांनी उतरविणारा कूलर तासाला सुमारे २० लिटर पाणी पितो. ऐन उन्हात दहा तास चालल्यास २०० लिटर! शहरातील एका माणसासाठी दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण योजनाकार धरतात. म्हणजे असा एक कूलर दीड माणसाचे पाणी वापरतो. नागपूरची तहान प्रामुख्याने पेंच प्रकल्प आणि कन्हान नदी भागवितात. पेंचचा साठा खालावल्याने जुलै २०१९ मध्ये शहराला दिवसाआड पाणी घेण्याची वेळ आली होती, हे विसरून चालणार नाही. टाकी भरून वाहू न देणे, तरंगत्या गोळ्याची तोटी बसविणे आणि रिकाम्या खोलीतील कूलर बंद करणे एवढ्यानेही पुष्कळ पाणी वाचते.

दोन धोके

पत्रा, पाणी आणि वीज यांचा एकत्र सहवास हा कूलरचा सर्वांत मोठा धोका होय. पंपाच्या वायरचे आवरण जीर्ण झाले की साऱ्या पेटीत वीज उतरते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणारी गृहिणी किंवा खेळता खेळता पेटीला हात लावणारे मूल तिचा बळी ठरते. म्हणून पाणी भरण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता पिन काढून घ्यावी. तीन पिनांचेच प्लग वापरावेत आणि घराची भूजोडणी दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावी. ३० मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारे ‘आर.सी.सी.बी.’ या नावाचे उपकरण घरात बसविल्यास मोठेच संरक्षण लाभते. कूलर घेताना भारतीय मानक ‘आय.एस. ३३१५’ची खूण पाहावी.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यू पसरविणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवामानात अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. ही अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जगतात. यास्तव आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून टाकी केवळ रिकामी न करता घासून कोरडी करावी. उन्हाळा संपल्यावर पाण्यासह विसरलेला कूलर हे डासांचे आयते पाळणाघरच ठरते.

नव्या कल्पना

अलीकडे या जुन्या यंत्रात बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत. सालपटांच्या ताटीऐवजी मधाच्या पोळ्यासारख्या रचनेची, कागदी लगद्यापासून केलेली जाळी येते. ती पाणी सारखे पसरविते आणि निगा राखल्यास एकाहून अधिक उन्हाळे टिकते. प्लॅस्टिकच्या पेटीला गंज चढत नाही आणि विजेचा धक्का बसण्याची भीतीही कमी होते. नव्या धर्तीच्या बिनब्रशच्या मोटारी वीज वाचवितात. सर्वांत कुतूहलाची कल्पना म्हणजे अप्रत्यक्ष शीतकरण. यात पातळ पडद्याच्या एका बाजूने ओली हवा वाहते आणि दुसऱ्या बाजूची हवा पाण्याला न शिवताच निवते. त्यामुळे खोलीत गारवा येतो, पण दमटपणा वाढत नाही. यंत्र महाग असल्याने ते अद्याप घरोघरी पोहोचलेले नाही.

तोवर नागपूरकरांची भिस्त खिडकीतल्या त्या पत्र्याच्या पेटीवरच राहणार आहे. समोरची खिडकी उघडी, ताटी पुरती ओली, पिन काढूनच पाण्याला हात आणि आठवड्याला एक कोरडा दिवस, एवढी चार पथ्ये पाळली तर नवतपाची दुपारही सुसह्य होईल आणि त्या गारव्याची किंमत कोणालाही जिवाने मोजावी लागणार नाही.