अडथळ्यावरील उडी आणि अश्वहित : येवल्याच्या घोडेबाजाराच्या निमित्ताने काही विचार

१. विषयप्रवेश

नाशिक जिल्ह्यातील येवला हे गाव पैठणीसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते मंगळवारच्या घोडेबाजारासाठीही प्रसिद्ध आहे. या बाजाराची परंपरा शहराचे संस्थापक मानले जाणारे रघुजीबाबा शिंदे यांच्यापर्यंत नेली जाते. मारवाडी, काठेवाडी, सिंधी, पंजाबी अशा नाना जातींची जनावरे येथे विक्रीस येतात. गिऱ्हाइकाची दृष्टी प्रथम जाते ती रंग, उंची, चाल आणि अंगावरील भोवरे यांकडे. गळ्यावर देवमण असल्यास जनावराचा भाव चढतो. परंतु नळीमागील कंडरा, खुराचा घाट आणि पुढच्या पायांचा सरळपणा यांची परीक्षा त्या मानाने उपेक्षित राहते. मिरवणुकीच्या घोड्याच्या बाबतीत ही उपेक्षा एक वेळ खपून जाईल. ज्या घोड्याला अडथळ्यावरून उडी घ्यावयाची आहे त्याच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते. अशी उडी धोकादायक केव्हा होते आणि तिची जबाबदारी कोणाची, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

अडथळ्यावरून उड्या घेत पाठलाग करण्याची प्रथा मूळची इंग्लंडातील होय. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत तेथील मोकळ्या जमिनींना कुंपणे घालण्यात आली. त्यामुळे शिकारी कुत्र्यांमागे दौडणाऱ्या स्वारांना झुडपी कुंपणे, लाकडी फाटके आणि चर ओलांडणे भाग पडले. पुढे १८७४ साली अमेरिकेत ग्लिडनच्या काटेरी तारेला एकस्व मिळाले आणि या तारेचा प्रसार होताच, घोड्याला सहज न दिसणारा व आघाताने न मोडणारा असा एक नवाच अडथळा उत्पन्न झाला.

हीच प्रथा इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई, पुणे, उटकमंड आदी ठिकाणी आणली. येथे मात्र त्यांच्यापुढे पळत असे तो कोल्हा. इंग्रजी ‘फॉक्स’ला जवळचा प्राणी म्हणजे आपल्याकडील खोकड, कोल्हा हा त्याहून वेगळा, लांडग्याच्या गणातील आहे. मराठ्यांच्या घोडदळाची कीर्ती निराळ्या गुणांवर उभी होती. येवल्यापासून फार दूर नसलेल्या पालखेड येथे १७२८ साली पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले, ते लांब मजलांच्या व चपळ हालचालींच्या बळावर. भीमथडीच्या तट्टाची ख्यातीही काटकपणाची आहे, उंच उडीची नव्हे.

३. उडीची शरीरक्रिया

घोड्याचे डोळे मस्तकाच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला सभोवारचा फार मोठा प्रदेश दिसतो. परंतु कपाळाच्या अगदी समोर व नाकपुड्यांखाली त्याला दिसत नाही. परिणामी उडीच्या शेवटच्या क्षणी अडथळा त्याच्या दृष्टीआड जातो आणि आधी घेतलेल्या अंदाजावरच त्याला झेप घ्यावी लागते. हा अंदाज घेण्यासाठी त्याला मान वरखाली करता आली पाहिजे. लगाम आखडून धरणारा स्वार घोड्याची मान तर जखडतोच, शिवाय त्याची दृष्टीही हिरावून घेतो.

घोड्याला निळा व पिवळा हे रंग वेगळे ओळखता येतात. तांबडा व हिरवा यांतील भेद त्याला नीट कळत नाही. एक्झेटर विद्यापीठातील संशोधनात नारिंगी खुणांपेक्षा पांढऱ्या, निळ्या व झळाळत्या पिवळ्या खुणा घोड्याला अधिक ठळक दिसतात असे आढळले. त्यानुसार ब्रिटनमधील शर्यतींच्या अडथळ्यांवरील नारिंगी पट्टे २०२२ पासून पांढरे करण्यात येऊ लागले. माणसाला ठळक वाटणारी खूण घोड्यालाही तशीच दिसते, हे गृहीत चुकीचे होते.

झेपेचे बळ मागच्या पायांचे असते. उतरण्याचा भार मात्र पुढचे पाय सोसतात, आणि त्यांतही प्रथम टेकणाऱ्या पायावर मोठा आघात येतो. त्या क्षणी खुरावरचा सांधा खाली दबतो व नळीमागील कंडरा तिच्या सहनशक्तीच्या सीमेपर्यंत ताणली जाते. थकव्याने स्नायूंचा आधार कमी झाला की हीच कंडरा दुखावते. म्हणून दौडीच्या प्रारंभी सहज पार होणारा अडथळा अखेरीस घातक ठरू शकतो.

स्वाराच्या मांडीचाही येथे संबंध येतो. पूर्वी उडीच्या वेळी मागे रेलून बसण्याची रीत होती. इटालियन घोडदळातील कॅप्टन फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) याने स्वाराने पुढे झुकून घोड्याची पाठ व मान मोकळी ठेवावी असे प्रतिपादिले. आजची उडीची बैठक त्याच्याच विचारातून विकसित झाली आहे.

४. अडथळ्यांचे स्वरूप

धोका केवळ उंचीवर अवलंबून नसतो. झुडपी कुंपणाचा शेंडा आघाताने दबतो. घट्ट रोवलेले लाकूड दबत नाही. पुढचे पाय अशा लाकडावर अडकले की घोड्याचे सारे शरीर त्याभोवती गरकन फिरते आणि सुमारे ५०० किलोग्रॅम वजनाचे जनावर स्वाराच्या अंगावर कोसळते. अश्वक्रीडेतील प्राणघातक अपघातांत या पतनप्रकाराला प्रमुख स्थान आहे. ब्रिटनमध्ये १९९९ साली अशा स्पर्धांत पाच स्वार मृत्युमुखी पडल्यानंतर, ठरावीक जोराने तुटून लाकूड खाली सोडणारी खीळ तयार करण्यात आली.

येवला परिसराचा विचार करता अडचणी निराळ्या आहेत. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात खोल भेगा पडतात व पावसाळ्यात ती निसरडी होते. ओढ्यांचे काठ आतून पोखरलेले असतात. कठडा नसलेली विहीर दुरून दिसत नाही. अशा भूमीवर अडथळ्यापूर्वीची व नंतरची जमीन पायी चालून पाहिल्याविना घोडा घालणे हे धाडस नसून अविचार आहे.

५. जबाबदारीचा प्रश्न

येथे शिकारीच्या स्वरूपाचा मुद्दा निर्णायक ठरतो. जिवंत प्राण्याच्या पाठलागात मार्ग तो प्राणी ठरवितो. पुढे कोणता अडथळा येईल हे स्वाराला ठाऊक नसते. इंग्लंड व वेल्समध्ये कुत्र्यांकरवी होणारी ही शिकार २००५ पासून कायद्याने बंद झाली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने कोल्हा व खोकड यांना संरक्षण दिले. येवला तालुक्यातील ममदापूर परिसर तर काळविटांसाठी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित आहे. कृत्रिम गंधाचा माग घालून केलेल्या दौडीत अथवा स्पर्धेत मार्ग मनुष्यच आखतो. अर्थात तेथे अपघाताचे खापर दैवावर फोडता येत नाही. अडथळा कोठे असावा, तो मोडणारा असावा की नाही, त्याला वळसा घालण्याची वाट असावी की नाही, हे सारे आखणाऱ्याच्या हाती असते.

कायद्याची दिशाही हीच आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमाने जनावराला प्रमाणाबाहेर दौडविणे तसेच जखमी वा अयोग्य जनावराला कामास लावणे हा अपराध मानला आहे. ओझ्याच्या व ओढीच्या जनावरांसंबंधी १९६५ च्या नियमांनी काटेरी लगामास मनाई केली आहे. असा लगाम मुखाला इजा करतो. आणि वेदनेने मान वर फेकणारा घोडा अडथळ्याचा अंदाज घेऊ शकत नाही. तात्पर्य, अश्वहित आणि स्वाराची सुरक्षितता या दोन भिन्न गोष्टी नव्हेत.

६. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, उडीसाठी घोडा निवडताना भोवऱ्यांपेक्षा पायांची परीक्षा महत्त्वाची असून ती बाजारातच पशुवैद्याकडून झाली पाहिजे. दुसरी, अडथळा घोड्याच्या दृष्टीने पारखला पाहिजे. तिसरी, घोडा अडथळ्यापुढे थांबला तर तो हट्टीपणाच होय असे मानू नये. पुष्कळदा ती वेदनेची, थकव्याची किंवा न दिसल्याची खूण असते. चाबूक उगारण्यापूर्वी कारण शोधणे हे स्वाराचे पहिले कर्तव्य होय.