दोन ‘वेडे’ : ताजुद्दीनबाबा व गजाननमहाराज

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी हें चौंडेश्वरीच्या देवळासाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. याच तालुक्यांत वरठी येथें भंडारा रोड हें रेल्वे-स्थानक आहे. तेथून मुंबईच्या दिशेनें निघालेल्या प्रवाशास प्रथम कामठी लागते, मग नागपूर, आणि वऱ्हाड बरेंच ओलांडल्यावर शेगांव. या एकाच लोहमार्गाच्या आश्रयानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दोन विलक्षण पुरुष प्रसिद्धीस आले : कामठीचे ताजुद्दीनबाबा आणि शेगांवचे गजाननमहाराज. आज दोघांच्याहि समाधीस्थानीं यात्रेकरूंची दाटी असते. परंतु त्यांच्या वांट्यास प्रथम आली ती अपकीर्ति. एकास लोकांनीं वेडा म्हटलें. दुसऱ्यास सरकारनें कागदोपत्रीं वेडा ठरविलें. वर्तन बव्हंशीं सारखें असतां न्याय असा निराळा कां झाला, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

ताजुद्दीन यांचा जन्म १८६१ सालीं कामठी येथें झाला. बाळपणींच आईबापांचें छत्र हरपल्यामुळें त्यांचा सांभाळ आजोळच्या माणसांनीं केला. वयाच्या विशीच्या सुमारास ते पलटणींत शिपाई झाले व पलटणीबरोबर सागर येथें गेले. तेथें दाऊद मक्की यांच्या दर्ग्यांत ते रात्रीच्या रात्री घालवूं लागले. पुढें नोकरी सुटली, अन्नवस्त्राची शुद्ध राहिली नाहीं, आणि कामठीस परतल्यावर रस्त्यांतील पोरें त्यांच्यामागें दगड घेऊन लागलीं. छावणींतील साहेब लोकांच्या टेनिसच्या मैदानाजवळून ते विवस्त्र गेले, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. १८९२ सालीं त्यांची रवानगी नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत झाली. १८५८ च्या छत्तिसाव्या कायद्यानें बेवारशी हिंडणाऱ्या वेड्यास पकडून मॅजिस्ट्रेटपुढें उभें करण्याचा अधिकार पोलिसांस दिलेलाच होता. तेथें ताजुद्दीनबाबा सोळा वर्षें राहिले.

गजाननमहाराजांचें जन्मस्थान व पूर्वायुष्य अज्ञात आहे. १८७८ च्या फेब्रुवारींत शेगांवच्या एका घरापुढें उष्ट्या पत्रावळींतील शितें वेंचून खाणारा एक तरुण बंकटलाल अगरवाल व दामोदरपंत कुलकर्णी यांच्या दृष्टीस पडला, तेथून त्यांच्या चरित्रास आरंभ होतो. अंगावर वस्त्र नाहीं, तहान लागली तर गुरांसाठीं भरलेलें पाणी प्यावें, चिलीम ओढावी, आणि मनाशीं कांहीं अक्षरें गुणगुणावीं, असा त्यांचा क्रम होता. गांवच्या पाटलांच्या मुलांनीं त्यांची टवाळी केली, उसांनीं मारलें, असें चरित्रांत वर्णन आहे. परंतु पुढें तोच पाटील-परिवार त्यांचा मोठा आधार झाला.

येथें दोन गांवांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. कामठी ही इंग्रजांची लष्करी छावणी. तेथें रस्त्यावरील नग्न मनुष्य म्हणजे शिस्तीचा भंग. शेगांव ही कापसाच्या व्यापाराची पेठ. तेथें पाटील व सावकार यांनीं ज्यास घरीं नेऊन स्नान घातलें, त्यास हात लावण्याचें कारण पोलिसांस सहसा पडत नसे. म्हणजे वेडा कोण, हें ठरविण्यांत त्या मनुष्याच्या मनाइतकाच त्याच्या शेजाराचाहि वांटा होता.

श्रद्धेच्या दृष्टीनें पाहिलें तर दोन्ही परंपरांत अशा पुरुषासाठीं जागा पूर्वींच करून ठेवलेली होती. ईश्वराच्या ओढीनें ज्याचें देहभान हरपलें त्यास सूफी ‘मज्जूब’ म्हणतात. विधिनिषेधाच्या पलीकडे गेलेल्या संन्याशास हिंदु परंपरा ‘अवधूत’ म्हणते. दोघांनीं ग्रंथ लिहिला नाहीं. गजाननमहाराजांच्या गुणगुणण्यांतून भक्तांनीं जीव व ब्रह्म यांच्या ऐक्याचा अर्थ काढला. पंढरीच्या विठ्ठलाशीं त्यांचें नातें जोडलेलें राहिलें, व शेगांवची पालखी आजहि आषाढीस पंढरपुरास जाते. ताजुद्दीनबाबांचे बोल तुटक व कोड्यासारखे असत. परंतु वाकी येथें असतांना त्यांनीं एका जागेस मशीद, दुसरीस मदरसा व तिसरीस दवाखाना अशीं नांवें देऊन आलेल्या माणसास त्याच्या गरजेप्रमाणें तेथें बसविलें, असें सांगतात. एकाच्या वृत्तीचा अर्थ अद्वैताच्या भाषेंत लागला, दुसऱ्याची वृत्ति रुग्णसेवेच्या रूपानें लोकांना कळली.

१९०८ हें वर्ष दोघांच्याहि चरित्रांत महत्त्वाचें आहे. त्या सालीं श्रीमंत राजे रघुजीराव भोसले यांनीं हमी भरून ताजुद्दीनबाबांस इस्पितळांतून सोडविलें व शक्करदऱ्याच्या वाड्यांत नेलें. एका मुसलमान फकिरास हिंदु राजानें घरीं आणावें, आणि पुढें वाकीच्या काशीनाथ पाटलांनीं त्याची सेवा करावी, ही गोष्ट त्या काळच्या नागपूर प्रांताविषयीं पुष्कळ सांगून जाते. त्याच वर्षीं शेगांवीं महाराजांच्या हयातींतच संस्थानाची रीतसर स्थापना झाली. १९१० च्या ८ सप्टेंबरला, ऋषिपंचमीस, त्यांनीं देह ठेवला. ताजुद्दीनबाबा १७ ऑगस्ट १९२५ रोजीं नागपुरास वारले. उमरेड रस्त्यावरील ताजाबाद येथें त्यांची कबर आहे, आणि तेथील उरुसास हिंदुहि जातात.

दोघांविषयींची बरीचशी माहिती भक्तांच्या लेखणींतून आलेली आहे. दासगणूंचा एकवीस अध्यायांचा ‘श्रीगजाननविजय’ १९३९ सालीं, म्हणजे महाराजांच्या मागून एकोणतीस वर्षांनीं तयार झाला. त्यांतील चमत्कार हा इतिहासाचा पुरावा होऊं शकत नाहीं. भक्तांस महाराज कसे दिसले याचा मात्र तो उत्तम पुरावा आहे. इस्पितळाच्या दाखल्याचीहि तीच गत. त्यावरून सरकारच्या नजरेस बाबा कसे दिसले एवढेंच कळतें. त्यांच्या अंतःकरणांत काय चाललें होतें, हें ना दाखला सांगतो ना पोथी.

या विवेकाची आज विशेष गरज आहे. आजहि घरांतील कोणी एकाएकीं अबोल झाला, रस्त्यावर हिंडूं लागला, तर त्यास देवाचें वारें आलें असें मानून वैद्याकडे नेण्यास विलंब करणारीं कुटुंबें आहेत. आणि वेडाचें सोंग आणून पैसा उकळणारे बुवाहि आहेत. यासाठीं महाराष्ट्रानें २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा केला, व २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें रुग्णाच्या हक्कांस व प्रतिष्ठेस संरक्षण दिलें. कामठीच्या रस्त्यांत दगड खाणाऱ्या त्या तरुणास अशा संरक्षणाचा लाभ नव्हता. रस्त्यावरील वेडा पुढें संत निघेल कीं नाहीं, हें कोणालाच ठाऊक नसतें. परंतु त्याच्यावर दगड न टाकणें व त्यास औषध मिळवून देणें, एवढें तें ठाऊक नसतांनाहि करतां येतें.