डायल-अपवरच्या संगणकात बाहेरून शिरताना

मोडेम लावून टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेटवर गेलेला संगणक जगातल्या कुठल्याही सर्व्हरपर्यंत सहज पोहोचतो. बाहेरून कोणाला त्या संगणकापर्यंत पोहोचायचे असले, की मात्र अडते. डायल-अपची सारी मांडणीच फोन लावणाऱ्याच्या सोयीची आहे. त्यामुळे रिमोट डेस्कटॉप किंवा व्हीएनसी चालेनासे झाले, की खापर त्या प्रोग्रामवर फुटते आणि बहुतेक वेळा तो बिचारा निर्दोष असतो.

पहिला संशय घ्यायचा तो पत्त्यावर. मोडेमचा फोन लागला, की सेवा देणारी कंपनी आपल्याजवळच्या साठ्यातला एक आयपी पत्ता त्या जोडणीपुरता देते. फोन ठेवला की तो पत्ता दुसऱ्याला जातो. काल टिपून ठेवलेल्या पत्त्यावर आज भलत्याच माणसाचा संगणक असू शकतो. विंडोज एक्सपीवर आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली, की चालू पत्ता दिसतो. मात्र घरात नेटवर्क कार्डही असेल तर दोन पत्ते दिसतात आणि नेमका चुकीचा कळवला जातो. बाहेरच्याला हवा असतो तो पीपीपी या नावाखालचा. १९२.१६८ने किंवा १० या आकड्याने सुरू होणारे पत्ते खाजगी असतात, इंटरनेटवर त्यांना ओळख नसते. पीपीपीखालचाच पत्ता असा खाजगी निघाला, तर कंपनीने अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्याआड ठेवले आहेत असे समजावे. मग घरातल्या संगणकावर काहीही बदलून उपयोग नाही. भारतात विदेश संचार निगमने १९९५ मध्ये इंटरनेट सुरू केले, तेव्हाच्या स्वस्त शेल खात्यांत तर घरच्या संगणकाला स्वतःचा पत्ताच नसे. निगमच्या यंत्रावर चाललेली अक्षरे तेवढी त्याच्या पडद्यावर उमटत.

सार्वजनिक पत्ता बदलता असला तरी डायनॅमिक डीएनएस सेवेने भागते. संगणकावरचा छोटा प्रोग्राम दर वेळी नवा पत्ता सेवेला कळवतो आणि बाहेरच्याला एकच नाव लक्षात ठेवावे लागते. फोन तुटून पुन्हा लागल्यावर थोडा वेळ ते नाव जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवते, एवढी गैरसोय सोसावी लागते.

पत्ता बरोबर असेल तर पुढचा प्रश्न: आत कोणी ऐकायला बसले आहे का? नेटस्टॅट या आज्ञेच्या यादीत रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९, व्हीएनसीसाठी ५९०० हे पोर्ट ऐकत असलेले दिसायला हवे. एक्सपीच्या होम आवृत्तीत रिमोट डेस्कटॉपने आत घेण्याची सोयच नाही, ती प्रोफेशनलमध्ये आहे. पासवर्ड नसलेल्या खात्यालाही एक्सपी बाहेरून येऊ देत नाही. घरगुती संगणकावर पासवर्ड सहसा नसतोच, त्यामुळे तासन् तास इथे वाया जातात.

यानंतर फायरवॉल. ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने ती आपोआप चालू केली. अपवादांच्या यादीत प्रोग्राम घातला तरी परवानगी फक्त आपल्याच नेटवर्कपुरती ठेवलेली असेल, तर इंटरनेटवरून येणारा बाहेरच राहतो.

दोष कुठे आहे हे बाहेरून लावलेली टेलनेटची चाचणी बऱ्यापैकी सांगते. पत्ता आणि पोर्ट दिल्यावर लगेच नकार आला, तर बहुधा हाक पोहोचली आहे, पण ऐकणारा नाही, प्रोग्राम तपासावा. बराच वेळ काहीच न घडता प्रयत्न संपला, तर हाक वाटेत गिळली गेली आहे: फायरवॉल, कंपनीची गाळणी किंवा चुकीचा पत्ता. २००३ च्या ब्लास्टर वर्मनंतर अनेक कंपन्यांनी १३५ सारखी पोर्ट बंद केली होती. पिंगला उत्तर नाही म्हणून संगणक बंद आहे असे मात्र मानू नये. फायरवॉल पिंगही अडवते.

जोडणी झाली तरी तार आपले गुण दाखवते. घरात एकच लाइन असेल तर ती मोडेमने अडवलेली, म्हणून मदत करणाऱ्याला फोनवर बोलताही येत नाही. कॉल वेटिंगचा टोन आला की जोडणी तुटू शकते. शिवाय ५६ केबीपीएसचा व्ही.९० मोडेम तो वेग फक्त उतरवताना गाठू पाहतो. वर पाठवण्याची मर्यादा ३३.६ आहे आणि पडद्याचे चित्र तर वरच जाते. १०२४ बाय ७६८ चा, १६ बिट रंगांचा पडदा जसाच्या तसा पाठवायचा तर सहा मिनिटांहून अधिक लागतील. प्रोग्राम चित्र दाबून पाठवतात म्हणून निभावते. रंग कमी केले, वॉलपेपर काढले, की हालचाल सुसह्य होते.

कंपनीने वाटच अडवली असेल तर उलट्या दिशेने जावे. व्हीएनसीमध्ये मदत करणारा आपल्याकडे ५५०० पोर्टवर ऐकत बसतो आणि डायल-अपवरचा संगणक स्वतः त्याला जोडणी लावतो. त्यासाठी मदत करणाऱ्याकडे सार्वजनिक पत्ता आणि उघडे पोर्ट असले की पुरते. डायल-अपच्या बाजूचा पत्ता खाजगी असला तरी बिघडत नाही. त्या संगणकावर एकही पोर्ट जगाला उघडे राहत नाही, हा वरचा फायदा. समोर बसून बटण दाबणारा माणूस असेल, तर डायल-अपवर हीच पद्धत आधी करून पाहावी.